वाळूतली द्राक्षे

श्रोतेहो, द्राक्षाचा मळा म्हटला की तुमच्या डोळ्यांपुढे काय येत असेल ते मी सांगतो. निफाड-दिंडोरीकडची नाहीतर तासगावची एखादी बाग, तारांवर चढवलेला मांडव, खाली ओळीने सोडलेल्या ठिबकच्या नळ्या आणि फेब्रुवारी-मार्चात आभाळाकडे पाहत येरझारा घालणारा मालक. आणि समुद्रकिनारा म्हटला की? नारळी-पोफळी, ओढून ठेवलेल्या होड्या, वाळत घातलेली मासळी. या दोन चित्रांची आपण कधी गाठ घालून देत नाही. कोकणच्या पावसात द्राक्ष टिकायचे नाही, हे शाळेतले पोरही सांगेल.

पण युरोप खंडाच्या अगदी पश्चिम टोकाला, पोर्तुगाल देशात, अशी एक जागा आहे की जिथे द्राक्षाचे वेल समुद्राच्या वाळूत वाढतात. साध्या सुध्या नव्हे, माणूस बुडेल इतक्या खोल वाळूत. त्या गावाचे नाव कोलारिश. एका सप्टेंबर महिन्यात, ऐन तोडणीच्या दिवसांत, तिथे तीन दिवस हिंडण्याचा योग मला आला. त्या तीन दिवसांची हकीकत आज सांगायची आहे.

आधी एक खुलासा करून टाकतो. द्राक्षे तिथे होतात ती खाण्याची नव्हेत, वाइनची. तेव्हा या बोलण्यात वाइनचा उल्लेख वारंवार येणार. मला स्वतःला तिची गोडी नाही आणि कुणाला ती लागावी अशी इच्छाही नाही. तिथे गेल्यावर पेला पुढे येतोच. पण चव घेऊन शेजारच्या भांड्यात थुंकून टाकण्याची तिथल्या जाणकारांची रीतच आहे, त्यामुळे माझी अडचण सुटली. शेती पाहायला गेलो होतो, ती पोटभर पाहिली.

लिस्बन शहरातून आगगाडीने पाऊण तासाच्या आत आपण सिंत्रा नावाच्या डोंगरी गावी पोचतो. तिथून समुद्राकडे उतरणारी एक छोटी, लाल रंगाची ट्राम आहे. १९०४ साली सुरू झालेली ही ट्राम आता मुख्यतः प्रवासी मंडळींसाठी चालते. दहा-बारा किलोमीटरांचा रस्ता, पण ती इतकी रमतगमत जाते की आतल्या माणसाला बाहेरच्या कुंपणावरची फुले मोजता यावीत. माझ्याबरोबर लिस्बनला स्थायिक झालेले एक मडगावकडचे स्नेही होते. पोर्तुगीज त्यांना घरच्यासारखी येते. माझ्याशी ते कोंकणीत बोलत, मी मराठीत उत्तर देई, आणि दोघांचेही भागे.

सिंत्रा सोडण्यापूर्वी त्यांनी मला रस्त्यावरून एक जुनी वाडी दाखवली. तिचे नाव पेन्या व्हेर्दे. ही दों जुआंव द कास्त्रो याची. हा गृहस्थ आपल्या इतिहासाला परका नाही. १५४६ साली दीवचा वेढा मोडून काढणारा, आणि पडलेला किल्ला पुन्हा बांधायला पैसा नाही म्हणून स्वतःच्या दाढीचे केस गोव्याच्या नगरसभेकडे तारण ठेवणारा गव्हर्नर तो हाच. १५४८ साली तो गोव्यातच वारला. पण आपल्या दृष्टीने याहून नवलाची गोष्ट वेगळी आहे. सौराष्ट्रातल्या सोमनाथ पाटणचा एक संस्कृत शिलालेख समुद्र ओलांडून या वाडीत आला. तो कास्त्रोनेच आणवला असे मानतात. वाघेला राजा सारंगदेव याच्या कारकिर्दीतला, विक्रम संवत १३४३ चा, म्हणजे इसवी सन १२८७ चा तो लेख. ब्यूलर या पंडिताने तो पुढे छापून प्रसिद्ध केला आणि अभ्यासक त्याला ‘सिंत्रा प्रशस्ती’ म्हणून ओळखतात. देवाच्या पूजेला फुले कुणी पुरवायची याची व्यवस्था त्यात कोरलेली आहे. वाडी आज खासगी मालकीची, फाटक बंद. आम्ही पाच मिनिटे भिंतीपाशी उभे राहिलो आणि ट्राम पकडली.

आता वाळूकडे वळू.

शेतकरी बंधूंना मावा ठाऊक आहे. त्याच मावा-वर्गातली, नीट पाहिल्याशिवाय डोळ्यांना दिसणार नाही अशी एक कीड अमेरिकेतून रोपांबरोबर युरोपात आली. फायलोक्सेरा तिचे नाव. ती द्राक्षाच्या मुळावर बसते आणि रस शोषते. मुळाला गाठी येतात, मूळ कुजते, आणि वर वेल उभ्याउभ्या वाळत जातो. १८६३ च्या सुमारास दक्षिण फ्रान्समध्ये वेल मरू लागले, पण कारण कुणाला उमगेना, कारण मेलेला वेल उपटला तर मुळावर कीड नसते. ती तोवर शेजारच्या जिवंत वेलाकडे गेलेली असते. १८६८ साली काही जाणत्या मंडळींनी मेलेला सोडून चांगला दिसणारा वेल उपटला, तेव्हा चोर सापडला. तोवर घर धुऊन निघाले होते. पुढच्या काही दशकांत युरोपातले बहुतेक द्राक्षमळे या किडीने खाल्ले. लोकांनी मळ्यात पाणी तुंबवून पाहिले, मुळाशी विषारी औषधे सोडली, कुणी वेलाखाली जिवंत बेडूक पुरला. शेवटी उपाय सापडला तो अमेरिकेतच. तिथल्या रानटी वेलाची मुळे ही कीड सोसतात. तेव्हा खाली अमेरिकन खुंट आणि वर आपले कलम. आज आपल्याकडे नाशिक-सांगलीचे बागाईतदार डॉगरिजच्या खुंटावर थॉमसन भरतात, तो खुंटही मूळचा अमेरिकेचा. आपण तो घेतला खारट पाणी आणि दुष्काळ सोसावा म्हणून. युरोपने घेतला जीव वाचावा म्हणून.

कोलारिशला मात्र खुंट घ्यावाच लागला नाही. समुद्राच्या वाऱ्याने उडून आलेल्या वाळूचा जाड थर तिथल्या चिकणमातीवर पसरलेला आहे. कुठे एक मीटर, कुठे तीन-चार, कुठे त्याहूनही खोल. भारी जमिनीला भेगा पडतात आणि त्या भेगांतून कीड एका मुळावरून दुसऱ्या मुळाकडे जाते. वाळूला भेग पडत नाही. बोट घातले, काढले, की भोक बुजले. किडीची वाटच बंद! सारा मुलूख उजाड होत असताना या गावचे वेल स्वतःच्या मुळांवर उभे राहिले. तांबड्या वाइनच्या द्राक्षाची जात रामिस्को, पांढऱ्याची माल्व्हाझिया. १९०८ साली सरकारने या भागाची हद्द आखून दिली. आपल्या नाशिकच्या द्राक्षांना किंवा सांगलीच्या बेदाण्याला जसे भौगोलिक मानांकन आहे, त्यातलाच हा प्रकार. त्यातही मेख अशी की वाळूतल्या वेलालाच ते नाव लावायचे. शेजारच्या कडक जमिनीतल्या द्राक्षाला नाही.

पण वाळूने दिलेले हे संरक्षण फुकट नव्हते. नुसत्या वाळूत वेल जगणार कसा? तिच्यात ना ओल टिकते, ना कस. मुळे खालच्या चिकणमातीत रुजवावी लागतात. म्हणजे तीन-चार मीटर वाळू उपसून चर खणायचा, तळाच्या मातीत काडी लावायची, आणि वेल वाढेल तशी वर्षानुवर्षे थोडी थोडी वाळू परत लोटत जायची. तुमच्यापैकी ज्यांनी विहिरीचे काम केले आहे, त्यांना ढासळत्या कडेचा धाक सांगायला नको. इथे तर चारी बाजूंनी वाळूच. चरात उतरणारा मजूर डोक्यावर वेताची टोपली पालथी घालून खणायचा. दरड कोसळून तो गाडला गेलाच, तर टोपलीत चार श्वासांपुरती हवा राहावी, आणि वरच्यांनी तेवढ्या वेळात त्याला उकरून काढावे, एवढाच तो बंदोबस्त. तळहाताएवढ्या पेल्यातली ती तांबडी वाइन समोर आली, तेव्हा मला त्या टोपलीशिवाय दुसरे काही सुचेना.

गावात वाइन उत्पादकांची एक सहकारी संस्था आहे, १९३१ साली स्थापन झालेली. पोर्तुगालमधल्या सर्वांत जुन्या संस्थांपैकी ती एक. तिची वखार म्हणजे देवळाच्या सभामंडपासारखी लांब, उंच, थंड. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीची लाकडी पिंपे. तिथल्या माणसाने खिशातून काढली ती ‘शाव्ह’, आणि दार उघडून ज्यांच्याकडे बोट दाखवले त्या ‘पीपा’. मी स्नेह्यांकडे पाहिले, ते हसले. चावी आणि पिंप, दोन्ही शब्द आपण त्यांच्याकडूनच घेतले की! बादली, साबण, पगार, घमेले, पाव, हेही तिकडचेच. शिक्षक बंधूंनी वर्गात एकदा मुलांना घरातल्या वस्तू मोजायला लावाव्या आणि त्यांतल्या किती वस्तूंची नावे जहाजातून आली ते शोधायला सांगावे. तास रंगेल.

रामिस्कोची वाइन तरुणपणी अगदी तुरट असते, कच्च्या केळ्याने तोंड आवळावे तशी. वर्षानुवर्षे लाकडात आणि बाटलीत राहिली की मग ती मऊ होते. म्हणजे आज तोडलेल्या द्राक्षाचा पैसा हाती यायला पुष्कळ काळ थांबायचे. सहकारी संस्था का लागली, हे एवढ्यावरून कळावे. एकट्या शेतकऱ्याला इतकी वर्षे कळ काढणे परवडत नाही.

दुसरा दिवस आम्ही किनाऱ्यावर घालवला. ट्राम जिथे संपते त्या किनाऱ्याचे नाव प्राय्या दास मासांश, म्हणजे सफरचंदांचा किनारा. वरच्या बागांतली सफरचंदे ओढ्यात पडून वाहत समुद्राला यायची, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. उत्तरेला अझेन्यास दो मार, उभ्या कड्यावर चिकटवल्यासारखी पांढरी घरे. दक्षिणेला प्राय्या ग्रांद, मोठा किनारा. आणि आणखी खाली काबो दा रोका, युरोपच्या मुख्य भूमीचे पश्चिमेचे शेवटचे टोक. तिथे दीडशे मीटरांच्या आतबाहेर उंचीचा कडा आहे, दीपगृह आहे, आणि टोपी उडवून नेणारा वारा आहे. यापुढे अमेरिकेपर्यंत पाणीच पाणी. तिथे फोटो काढायला झुंबड असते. आम्हीही काढला आणि गारठून परत फिरलो.

प्राय्या ग्रांदवर मात्र मी रेंगाळलो. अटलांटिकचे पाणी सप्टेंबरातसुद्धा असे गार की घोटा बुडाला तरी हाड ठणकते. लाटा पाहायला देखण्या आणि वागायला वाईट. किनाऱ्यावर खांबाला तांबडा बावटा लावलेला. तिथला नियम साधा आहे. हिरवा बावटा असेल तर पोहा, पिवळा असेल तर पाण्यात उभे राहा पण पोहू नका, तांबडा असेल तर पाण्यात पाऊलच घालू नका. आणि हंगामात शिट्टी घेऊन बसलेला जीवरक्षक असतो, तो हे पाळायला लावतो. एक शिक्षिका पंचवीस-तीस मुले घेऊन आल्या होत्या. बावटा पाहिला, मुलांना वाळूत बसवले. एकाही मुलाने ‘बाई, नुसते पाय भिजवू का?’ म्हणून विचारले नाही. मग त्या मुलांना घेऊन कड्याच्या बाजूच्या पायऱ्या चढू लागल्या. आम्हीही मागोमाग गेलो. तिथे जवळजवळ उभ्या असलेल्या खडकावर पावलांचे ठसे आहेत, दहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या महाकाय सरड्यांचे, म्हणजे डायनोसॉरचे. एकेकाळी तो चिखल आडवा होता, त्यावरून ते चालत गेले. चिखलाचा दगड झाला, आणि जमिनीच्या उलथापालथीत तो दगड भिंतीसारखा उभा राहिला. मुले आ वासून पाहत होती. समुद्रात जायचे ती विसरून गेली होती.

इथे मला थांबून एक गोष्ट बोलावीशी वाटते. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून अधिक विद्यार्थी बुडून मेले. अशा बातम्या पुढेमागेही येत राहिल्या. ओहोटीचे पाणी माणसाला आत कसे खेचते, हे घाटावरच्या मुलाला ठाऊक नसते. त्याने पाणी पाहिलेले असते ते विहिरीचे नाहीतर तळ्याचे. सहल नेणाऱ्या गुरुजींनी भरती-ओहोटीच्या वेळा आदल्या दिवशी गावातल्या कोळ्याला विचारून घ्याव्यात. बावटा नसेल तिथे कोळी हाच बावटा.

तिसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या बागाईतदाराकडे जायचे ठरले होते. संस्थेतल्या माणसाने गाठ घालून दिली. वाटेत एका मोठ्या वाइनच्या मळ्यावरून गेलो. कझाल सांता मारिया त्याचे नाव. १९११ साली जन्मलेल्या एका परदेशी सरदार घराण्यातल्या गृहस्थाने नव्वदी उलटल्यावर तिथे द्राक्षाची लागवड सुरू केली, तिची वाइन चाखली आणि २०१६ साली तो वारला. पैसा असला तर असले धाडस शोभूनही दिसते. आमच्या आजोबांची गोष्ट वेगळी होती.

आजोबा एक्क्याऐंशी वर्षांचे. जमीन किती, तर आपल्या हिशेबाने अर्ध्या एकराहून जरा जास्त. पण ती पाहून मी चक्रावलो. मांडव नाही, तारा नाहीत, काही नाही. वेल चक्क जमिनीवर लोळत होते, आपल्याकडे कलिंगडाचे लोळतात तसे. उभे केले तर समुद्राचा वारा ते मोडून टाकील. चहूबाजूंनी सुक्या बोरूच्या काड्यांची कुडणे, पुन्हा आत आडवी कुडणे, असे मळ्याचे लहान लहान कप्पे पाडलेले. कडेला ठेंगणी सफरचंदाची झाडे, तीही वाऱ्याला आडवी. उन्हाळ्यात वाळू इतकी तापते की घड भाजून निघतील, म्हणून फळ भरू लागले की प्रत्येक फांदीखाली वीतभर काडी टेकवून ती उचलून धरायची. हजारो काड्या, आणि सगळे काम वाकून. यंत्र चालत नाही. छाटणी मात्र वर्षातून एकदाच, हिवाळ्यात. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशा दोन असतात, असे मी सांगितले, तर आजोबा स्नेह्यांना म्हणाले, “दोनदा? मग त्यांचा वेल झोपतो कधी?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

मळ्याच्या दोन्ही अंगांना बंगले होते. एकाच्या आवारात निळ्याशार पाण्याचा पोहण्याचा हौद. लिस्बन जवळ, समुद्र हाकेवर, हवा थंड. मग काय विचारता! या भागात एकेकाळी हजार हेक्टरांहून अधिक जमीन वेलीखाली होती. आज ती काही थोड्या दशांत मोजण्याइतकी उरली आहे. जी कीड युरोप खाऊन गेली तिला इथे शिरता आले नाही, पण बंगल्यांना कोण अडवणार? वाळूत त्यांचा पाया बसतो. आपल्या अलिबाग-गुहागरकडच्या श्रोत्यांना हे मी समजावून सांगायला नको.

मी भीतभीतच विचारले, “आजोबा, तुम्हालाही कुणी विचारले असेल?”

“दर महिन्याला विचारतात,” ते म्हणाले. “माझ्या बापाने आणि मी मिळून या वाळूतून जन्मभरात जेवढे काढले, त्याहून जास्त एका सहीत मिळेल. मुलगा बँकेत आहे, त्याने कागदावर मांडून दाखवले. हिशेब बरोबर आहे त्याचा.”

“मग?”

त्यांनी लगेच उत्तर दिले नाही. हातातली पेटी खाली ठेवली आणि आम्हाला कप्प्याच्या कोपऱ्यात नेले. तिथे एक वेल मेला होता, त्याची जागा रिकामी होती. कोलारिशला नवे रोप क्वचितच लावतात. शेजारच्या वेलाची लांब फांदी वाकवून वाळूत पुरायची, तिचे टोक रिकाम्या जागी वर काढायचे. पुरलेल्या भागाला मुळे फुटतात आणि नवा वेल तयार होतो. आपल्याकडे दाब कलम म्हणतात तसेच हे. म्हणजे आज उभा असलेला वेल हा आईचा, आजीचा, पणजीचाच पुढचा फाटा. गेल्या हिवाळ्यात त्यांनी तशी फांदी पुरली होती. वाळूतून बोटाएवढे टोक वर आले होते आणि त्याला पाच पाने होती.

“हिला घड कधी धरेल?” मी विचारले.

“चौथ्या वर्षी म्हणावा तसा.”

स्नेह्यांनी माझ्याकडे पाहिले. एक्क्याऐंशी अधिक चार, हा हिशेब आम्ही दोघांनीही मनातल्या मनात केला असणार. आजोबा त्या टोकाशेजारी गुडघे टेकून बसले होते आणि वाऱ्याच्या बाजूला आणखी दोन बोरूच्या काड्या खोवत होते.

दुपारी त्यांच्या पेट्या आम्ही हातोहात गाडीत चढवल्या आणि त्यांच्याबरोबर संस्थेच्या वखारीत गेलो. वजन झाले तीनशे बारा किलो. गेल्या वर्षीपेक्षा कमी. ऑगस्टात धुके फार पडले म्हणाले. पावती त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली, घडी घालून टोपीच्या अस्तरात ठेवली, आणि जाताना आमच्या हातात दोन-दोन सफरचंदे दिली. लहान, खडबडीत सालीची आणि दात शिवशिवतील इतकी आंबट. ती खात आम्ही ट्रामच्या थांब्यावर गेलो. शेवटची ट्राम निघून गेली होती, म्हणून सिंत्र्यापर्यंत चालत आलो.